डक्ट दिसावा तर दरवाजे गायब: सर्व्हिसेसच्या ड्रॉइंगमधल्या बॅकग्राउंडचं काय करायचं?

वातवाहिनी:

नमस्कार. प्रश्न लांबलचक आहे, पण तुकड्यातुकड्यांनी विचारला तर उत्तरंही तुकड्यांतच मिळतील, म्हणून सगळं एकदम मांडते.

मी पुण्यात वातानुकूलनाची ड्रॉइंग करते. नऊ वर्षं झाली. पहिली पाच ऑटोकॅडवर (संगणकावर रेषांनी ड्रॉइंग करायचं सॉफ्टवेअर) गेली, आता रेविटवर (इमारतीचं त्रिमितीय मॉडेल करायचं सॉफ्टवेअर) आहे. सध्या एका 120 खाटांच्या रुग्णालयाचं काम चालू आहे, तळमजला अधिक चार. आर्किटेक्टचं आणि स्ट्रक्चरचं, दोन्ही मॉडेलं आमच्या फाइलीत लिंक केलेली आहेत; तीच आमच्या ड्रॉइंगची बॅकग्राउंड. मजल्याची उंची 4200, फॉल्स सिलिंग 2700 वर, बीमचा तळ 3450 वर. म्हणजे सिलिंगच्या वर आम्हाला 750 मिलिमीटर मिळतात आणि तेवढ्यात डक्ट (हवा वाहून नेणारी पत्र्याची वाहिनी), स्प्रिंकलरचा पाइप, केबल ट्रे आणि मेडिकल गॅस सगळं बसवायचं आहे.

मागच्या आठवड्यात साइटवर गेले होते. डक्टिंगचा फोरमन, माझ्या वडिलांच्या वयाचा माणूस. त्याने पहिल्या मजल्याचा प्रिंट सिमेंटच्या गोण्यांवर पसरला, चारी कोपऱ्यांवर टाइलचे तुकडे ठेवले आणि कॉरिडॉरवर पेन्सिल टेकवून विचारलं, "मॅडम, ह्यात दार कुठंय?" मी वाकून बघितलं. दार नव्हतंच. एकही नव्हतं. सगळ्या खोल्यांच्या भिंती सलग, जणू खोल्या बाहेरून बंद करून टाकल्यात. माझ्या स्क्रीनवर तेच ड्रॉइंग मी दोन महिने बघत होते आणि मला ते कधी जाणवलं नाही, कारण मला दारं कुठे आहेत ते पाठ होतं. त्याला पाठ नव्हतं. रिटर्न ग्रिल (खोलीतली हवा परत ओढणारी जाळी) दाराच्या डाव्या बाजूला की उजव्या, एवढं साधं त्याला ड्रॉइंगवरून कळत नव्हतं.

दुसरी अडचण प्रिंटची. स्क्रीनवर भिंती छान फिकट राखाडी दिसतात, डक्ट ठळक दिसतो. प्रिंट काढला की भिंतीही काळ्या आणि डक्टही काळा. त्यात साइटवर ए-1 कोणी वापरत नाही. ए-3 वर बारीक करतात आणि त्याच्या झेरॉक्सवर झेरॉक्स निघत राहते. तिसऱ्या झेरॉक्सला काय उरतं ते तुम्हाला माहीतच आहे. मी एकदा हाफटोन (बॅकग्राउंडच्या रेषांचा राखाडीपणा) आणखी फिका करून बघितला तर झेरॉक्सवर भिंती पूर्ण उडाल्या, नुसते डक्ट हवेत लटकलेले.

तिसरी गोष्ट जुनी आहे, आधीच्या नोकरीतली, पण ती अजून मनातून जात नाही. तिथे ड्रॉइंगमध्ये फार गर्दी होते म्हणून मी स्ट्रक्चरची लिंक व्ह्यूमधून बंद केली होती. ड्रॉइंग स्वच्छ दिसायला लागलं, सगळ्यांनी कौतुकही केलं. त्या ड्रॉइंगवरून साइटवर चिल्ड वॉटरच्या पाइपसाठी कोअर कटिंग (काँक्रीटला मशीनने गोल भोक पाडणं) सुरू झालं. कोअरमधून येणारं राखाडी पाणी थांबून त्यात लोखंडाचा चकचकीत कीस यायला लागला, तेव्हा मशीन बंद केलं. बीमची सळई लागली होती. बीम माझ्या ड्रॉइंगमध्ये नव्हता, पण जागेवर होता.

तर विचारायचं आहे ते असं:

दारंही दिसावीत आणि डक्टही दिसावेत यासाठी रेविटमध्ये नेमकं काय करता? प्रिंटमध्ये राखाडी राखाडीच यावं यासाठी काय? आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे काय ठेवायचं आणि काय लपवायचं हे कसं ठरवता? आमच्याकडे याचा लिखित नियम नाही. ज्याच्या हातात फाइल, त्याचा निर्णय. पाच मजल्यांचे चार जणांनी चार प्रकार केलेत.

---

आखातातला नाशिककर:

ताई, दाराचं आधी सांगतो, कारण या खड्ड्यात आम्ही सगळेच पडून आलोय. दुबईत मी बारा वर्षं एमईपी (वातानुकूलन, वीज, प्लंबिंग) करतोय आणि दर नवीन मुलाला हे पहिल्या आठवड्यात समजावून सांगावं लागतं.

तुमच्या व्ह्यूचा कट प्लेन (ज्या उंचीवर इमारत आडवी कापून प्लॅन दाखवतात ती पातळी) कितीवर आहे ते बघा. मी पैज लावतो, 3000 च्या वर असणार. रेविटचा नेहमीचा प्लॅन 1200 वर कापलेला असतो. 1200 वर कापलं तर दार कापलं जातं, म्हणून पानं, उघडण्याची दिशा सगळं दिसतं. पण तिथून आपण खाली बघतो, त्यामुळे सिलिंगवरचा डक्ट दिसत नाही. मग आपण काय करतो? कट प्लेन उचलून डक्टच्या वर नेतो. डक्ट दिसायला लागतो आणि आपण खूश. पण दार 2100 उंचीचं. त्याच्यावर भिंत आहे. 3400 वर कापलं की करवत दारातून जात नाही, दारावरच्या भिंतीतून जाते. म्हणून भिंत सलग दिसते. रेविट चुकत नाही, ते खरंच त्या उंचीवरून दिसणारं दाखवतं.

उपाय असा की आपला व्ह्यू 3400 वर कापायचा, पण आर्किटेक्टची लिंक 1200 वरच कापायची. व्हिजिबिलिटी ग्राफिक्समध्ये जा, 'रेविट लिंक्स' टॅब उघडा. आर्किटेक्टच्या फाइलीसमोर डिस्प्ले सेटिंगमध्ये 'बाय होस्ट व्ह्यू' (म्हणजे तुमच्या व्ह्यूप्रमाणे) लिहिलेलं असेल. त्यावर टिचकी मारून 'कस्टम' करा. मग 'बेसिक्स'मध्ये लिंक्ड व्ह्यू म्हणून आर्किटेक्टचा त्याच मजल्याचा फ्लोअर प्लॅन निवडा आणि 'व्ह्यू रेंज' (कुठे कापायचं आणि कुठवर बघायचं) या एकाच ओळीत 'बाय लिंक्ड व्ह्यू' ठेवा. बाकी सगळं 'बाय होस्ट व्ह्यू'. दारं परत येतील आणि डक्टही जागेवर राहील.

पूर्ण 'बाय लिंक्ड व्ह्यू' मात्र करू नका. तसं केलं की आर्किटेक्टची मापं, टॅग, नोट्स सगळं तुमच्या ड्रॉइंगमध्ये उतरतं आणि तुमच्या हातात काहीच राहत नाही. त्याने त्याच्या व्ह्यूमध्ये काही लपवलं की तुमच्याकडेही लपतं, तेही तुम्हाला न सांगता.

दोन धोके आहेत, ते आधीच सांगून ठेवतो. पहिला: तुम्ही ज्या व्ह्यूवर विसंबला, तो आर्किटेक्टने पुढच्या रिव्हिजनला काढून टाकला किंवा मॉडेल पाठवताना साफ करून पाठवलं तर सगळं कोसळतं. मी कामाच्या सुरुवातीलाच आर्किटेक्टला लिहून मागतो की प्रत्येक मजल्याला एक प्लॅन फक्त सर्व्हिसेसवाल्यांसाठी ठेवा, 1200 वर कापलेला, आणि त्याला हात लावू नका. दुसरा: व्ह्यू टेम्प्लेट, म्हणजे अनेक व्ह्यूंना एकदम लावायची सेटिंग. हे सेटिंग टेम्प्लेटमध्ये घातलंत आणि तेच टेम्प्लेट पाचही मजल्यांना लावलंत, तर पाचही मजल्यांना एकाच मजल्याचा लिंक्ड व्ह्यू लागतो. एक तर मजल्यागणिक टेम्प्लेट करा, नाही तर टेम्प्लेटमध्ये 'रेविट लिंक्स'च्या ओळीवरची खूण काढा आणि ते सेटिंग दर व्ह्यूला हाताने लावा. मी दुसरं करतो.

---

वातवाहिनी:

कट प्लेन 3400 वरच होता! आत्ताच पहिल्या मजल्यावर करून बघितलं. दारं आली. खिडक्यांचे सिलही आले, ते जाऊन किती दिवस झाले होते याचाही मला पत्ता नव्हता. मनापासून आभार.

टेम्प्लेटचा धोका तुम्ही सांगितला नसता तर मी संध्याकाळपर्यंत त्याच खड्ड्यात असते, कारण मी लगेच टेम्प्लेटमध्येच घालायला निघाले होते.

प्रिंट मात्र अजून काळाच येतोय.

---

आखातातला नाशिककर:

प्रिंट सेटअप उघडा. खाली पर्यायांमध्ये 'रिप्लेस हाफटोन विथ थिन लाइन्स' असं एक खुणेचं घर आहे. तिथे खूण असेल तर रेविट राखाडी रेषा काढतच नाही, त्याऐवजी बारीक काळ्या रेषा काढतं. ती खूण काढा. पीडीएफ थेट एक्स्पोर्ट करत असाल तर तिथेही तोच पर्याय तपासा, दोन्हीकडे वेगवेगळं लागतं.

राखाडी किती असावी याचा आकडा 'मॅनेज'मधल्या ॲडिशनल सेटिंग्जमध्ये, हाफटोन/अंडरले या नावाखाली आहे. तो पूर्ण प्रोजेक्टला एकच असतो. एका शीटसाठी बदललात तर सगळ्या शीटांवर बदलणार, म्हणून कुणालाही मधेच हात लावू देऊ नका.

आणि डक्टचे रंग कोणते ठेवलेत? सप्लाय आकाशी असेल तर काळ्या-पांढऱ्या प्रिंटरवर तोही राखाडीच निघतो, बॅकग्राउंडइतकाच फिका. साइटच्या सेटमध्ये आम्ही सर्व्हिसेस सगळ्या काळ्या ठेवतो आणि फरक रेषेच्या जाडीने आणि टॅगने दाखवतो. रंग फक्त को-ऑर्डिनेशनच्या मीटिंगला.

---

सेपियाकाका:

मी आता निवृत्त आहे. आयटीआयमधून ड्राफ्ट्समनचा कोर्स करून 1979 मध्ये एका सल्लागाराकडे लागलो. कॉम्प्युटरमधलं तुमचं मला कळत नाही, पण प्रश्न ओळखीचा आहे, म्हणून लिहितो.

आमच्याकडे आर्किटेक्टकडून सेपिया यायची. तपकिरी रेषांची पारदर्शक प्रत. त्यावर आम्ही काळ्या शाईने पाइप काढायचो. अमोनिया प्रिंट काढला की तपकिरी रेषा फिकी उमटायची आणि आमची काळी गडद. बॅकग्राउंड आणि सर्व्हिस यांचा फरक कागदातच होता, कुणी बटण दाबायची गरज नव्हती.

ट्रेसिंगवर सगळंच आपल्याला काढायचं असलं, तर आमचे साहेब एक गोष्ट सक्तीची करत. भिंती ट्रेसिंगच्या उलट्या बाजूने काढायच्या आणि पाइप सुलट्या बाजूने. कारण पाइप दहा वेळा बदलतो. ब्लेडने खरवडायचा म्हटलं की खालची भिंतही खरवडली जाते. भिंत मागच्या बाजूला असली की ब्लेड तिथपर्यंत पोचत नाही. भिंती 0.18 च्या पेनाने, पाइप 0.5 किंवा 0.7 ने. ही जोडी मी तीस वर्षं बदलली नाही.

ताई, तुमच्या तिसऱ्या प्रश्नाबद्दल. काय ठेवायचं ते माझ्या साहेबांनी मला एका वाक्यात सांगितलं होतं आणि मी ते पुढे सगळ्या मुलांना सांगत आलो: जे फोडायला लागेल ते आणि ज्यावरून माप घ्यायला लागेल ते, ही दोन ठेवायची. बीम, कॉलम, भिंत हे फोडायला लागणारं. कॉलमचा चेहरा, दाराची चौकट हे माप घ्यायचं. टाइलचे चौकोन, भांडी ठेवायचे ओटे, सोफे, झाडं, जिन्याच्या पायऱ्यांचे आकडे यातलं काही पाइपवाला फोडत नाही आणि त्यावरून मापही घेत नाही. ते जाऊ द्या.

बीम तर कधीच लपवू नका. आम्ही बीम तुटक रेषेने काढायचो आणि त्यावर रुंदी गुणिले खोली लिहायचो, 230 गुणिले 600 वगैरे. पाइपवाल्याला बीम कुठे आहे एवढंच कळून भागत नाही, तो किती खाली उतरलाय हेही कळावं लागतं. तुमचा तो लोखंडाचा कीस वाचून मला आमच्या इथला एक प्रसंग आठवला. पण तो तुमच्यासारखाच आहे, परत लिहीत नाही. एवढंच सांगतो की चूक सांगून टाकलीत ते चांगलं केलंत. लपवणारे मी खूप बघितले.

---

लेयरवाला कोल्हापूर:

रेविट नसलेल्यांसाठी थोडं. आमच्याकडे अजून सगळं ऑटोकॅडवर आहे आणि आर्किटेक्टची फाइल एक्सरेफ (बाहेरून जोडलेली फाइल) म्हणून येते.

नेहमीची तक्रार अशी की आम्ही आर्किटेक्टच्या लेयरांना राखाडी रंग दिला, फर्निचर फ्रीज केलं, आणि दुसऱ्या दिवशी फाइल उघडली की सगळं पूर्ववत. त्याचं कारण व्हिसरिटेन (VISRETAIN) हे सेटिंग. तो 1 असला पाहिजे, म्हणजे एक्सरेफच्या लेयरांवर आपण केलेले बदल आपल्या फाइलीत टिकतात. 0 असेल तर फाइल उघडताना आर्किटेक्टचे रंग परत लागतात.

दुसरी तक्रार: लेयरचा रंग बदलला तरी काही भिंती हिरव्याच राहतात. आर्किटेक्टच्या पोराने रंग लेयरला न देता थेट त्या वस्तूला दिलेला असतो. पूर्वी आम्ही त्यासाठी आर्किटेक्टची फाइल उघडून सगळं बायलेयर (लेयरचाच रंग घेणारं) करायचो. नवी फाइल आली की परत तेच. आता एक्सरेफओव्हरराइड (XREFOVERRIDE) हे सेटिंग 1 करतो, मग एक्सरेफमधल्या वस्तू बायलेयर असल्यासारख्या वागतात. आर्किटेक्टच्या फाइलीला हात लावावा लागत नाही.

तिसरी, आणि यात आमचा एक अख्खा सेट वाया गेलाय. स्क्रीनवर एक्सरेफ फिकट दिसतो तो एक्सडीडब्ल्यूजीफेडसीटीएल (XDWGFADECTL) या सेटिंगमुळे. तो नुसता स्क्रीनपुरता आहे. प्रिंटचा त्याच्याशी काही संबंध नाही. मुलं स्क्रीनवर फिकट बघून निर्धास्त होतात आणि प्लॉट गडद निघतो. प्रिंटमधला फिकटपणा सीटीबीमधल्या (रंगानुसार प्लॉटच्या रेषा ठरवणारी फाइल) स्क्रीनिंगवर ठरतो. आम्ही बॅकग्राउंडचे सगळे लेयर रंग 8 वर आणतो आणि सीटीबीमध्ये रंग 8 ला स्क्रीनिंग 60, जाडी 0.18 देतो.

एक हात जोडून विनंती. बॅकग्राउंड 'साफ' करायला आर्किटेक्टची फाइल बाइंड करून (आपल्या फाइलीत कायमची मिसळून), फोडून, नको ते डिलीट करू नका. दिसायला झकास होतं. पण मग आर्किटेक्टची रिव्हिजन येते, टॉयलेटची भिंत 300 सरकते आणि तुमच्या ड्रॉइंगमध्ये ती जुन्या जागीच असते. कुणाला कळतही नाही. लपवायचं असेल तर फ्रीज करा, व्ह्यूपोर्टपुरतं करा, पण मूळ वस्तू जिवंत ठेवा.

---

साइटवरून:

मी ठेकेदाराकडे एमईपी इंजिनिअर आहे, ठाण्यात. ड्रॉइंग करणाऱ्यांनी साइटचं विचारलंय हे वाचूनच बरं वाटलं.

काकांच्या नियमात ग्रिडची भर घालतो. ग्रिडलाइन (कॉलमच्या ओळींना अक्षर-आकडे देणारी रेषा) आणि तिचा गोल फिकट करू नका. आम्ही जागेवर उभे राहिलो की आधी ग्रिड शोधतो. स्लॅब झालाय, भिंती अजून नाहीत, दारं नाहीत, फक्त कॉलम आहेत. त्या वेळी तुमच्या ड्रॉइंगवरच्या फिकट भिंतींचा उपयोग शून्य. 'सी आणि 4 च्या कॉलमपासून 850' असं लिहिलेलं असलं की काम होतं. रेविटमध्ये पुष्कळदा ग्रिड दोनदा दिसतात, एक लिंकमधले आणि एक तुमचे, एकावर एक, किंचित सरकलेले. तुम्ही कॉपी-मॉनिटर करून (लिंकमधून नक्कल करून) स्वतःचे ग्रिड आणले असतील तर लिंकमधले ग्रिड ॲनोटेशनमधून बंद करा.

खोलीचा नंबर हवाच, नावापेक्षा नंबर. तो आर्किटेक्टच्या टॅगवर सोडू नका, कारण तो तुमच्या डक्टच्या बरोब्बर खाली येतो. लिंकमधल्या खोलीला तुमच्याच फाइलीतून टॅग लावता येतो, तो सरकवून मोकळ्या जागी ठेवा.

फायरची भिंत. फायर रेटेड भिंत इतर भिंतींसारखी फिकट ठेवलीत तर आम्हाला कळत नाही की डॅम्पर (आग लागली की डक्ट बंद करणारी झडप) कुठे लागणार. फायरवाले तपासायला येतात तेव्हा प्रत्येक क्रॉसिंगवर डॅम्पर आणि त्याच्यासाठी सिलिंगमधली ॲक्सेस पॅनल मागतात. बॅकग्राउंडमधली ही एकच भिंत अशी आहे की ती डक्टइतकीच गडद असावी असं माझं मत आहे.

आणि फर्निचर सरसकट बंद करू नका, हे मात्र मला काकांपेक्षा वेगळं वाटतं. रुग्णालय आहे. आयसीयूमधली खाट हे आमच्यासाठी फर्निचर नाही. खाट कुठे आहे यावर बेड हेड पॅनल ठरतं, पॅनलवर गॅसचे आउटलेट ठरतात, आणि डिफ्यूझर (हवा सोडणारी सिलिंगची जाळी) पेशंटच्या तोंडावर येतोय का तेही खाट दिसली तरच कळतं. ओटीतही (ऑपरेशन थिएटर) तसंच. दिव्याचा हात आणि वरचा लॅमिनार प्लेनम (स्वच्छ हवा सरळ खाली सोडणारी पेटी) एकाच जागेसाठी भांडतात.

---

सेपियाकाका:

साइटवरून, तुमचं बरोबर आहे. मी ऑफिसांच्या आणि कारखान्यांच्या इमारती केल्या, रुग्णालय एकच. त्या खाटेवरून माप घ्यायला लागतं, म्हणजे ती माझ्या नियमात बसतेच. मीच नीट लावला नाही.

---

वातवाहिनी:

उशीर झाला, पण करून मग लिहायचं ठरवलं होतं. पाच दिवस आम्ही चौघं एकत्र बसून हेच केलं.

दारांचं नाशिककरांनी सांगितलं तसंच. आर्किटेक्टला पत्र पाठवलं. त्यांनी प्रत्येक मजल्याला सर्व्हिसेससाठी वेगळा प्लॅन करून दिला आणि नावाच्या सुरुवातीला 'हात लावू नये' असं लिहिलं. 'रेविट लिंक्स'ची खूण टेम्प्लेटमधून काढली आहे, दर व्ह्यूला हाताने लावतोय. पाचच मजले आहेत, जमतं.

बीमसाठी स्ट्रक्चरच्या लिंकलाही कस्टम केलं. तिला मात्र वरच्या मजल्याचा फ्रेमिंग प्लॅन लिंक्ड व्ह्यू म्हणून दिला, कारण आमच्या डक्टच्या डोक्यावरचे बीम त्या मजल्याचे. तुटक रेषा आली. मग काकांचं ऐकून प्रत्येक बीमला टॅग लावला, आकार आणि तळाची पातळी. एका ठिकाणी लगेच दिसलं की जिन्याजवळचा बीम 3450 वर नाही, 3250 वर आहे. आमचा 350 चा डक्ट, इन्सुलेशन धरून 400, त्याच्याखालून जातो आणि सिलिंगपर्यंत 150 उरतात. स्प्रिंकलरचा पाइप त्याच पट्ट्यातून चालला होता. तो आता दुसऱ्या बाजूने वळवलाय. हे मॉडेलमध्ये आधीपासून होतं. ड्रॉइंगवर दिसत नव्हतं म्हणून चौघांपैकी कुणीच विचारलं नाही.

प्रिंट सेटअपमध्ये ती खूण होती. काढली. हाफटोनचा आकडा मात्र स्क्रीनवर बघून ठरवला नाही. तीन वेगवेगळ्या आकड्यांचे प्रिंट काढले, ए-3 वर बारीक केले, मग कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊन झेरॉक्सवर झेरॉक्स अशी तीनदा काढून घेतली. ज्या आकड्याला तिसऱ्या झेरॉक्समध्ये दाराचं पान शाबूत होतं, तो ठेवला. ए-1 वर तो थोडा गडद वाटतो. चालेल, ए-1 साइटवर कुणी उघडत नाही. डक्ट सगळे काळे केले.

फायरच्या भिंतीसाठी फिल्टर केला, भिंतीच्या फायर रेटिंगच्या रकान्यात काही लिहिलेलं असेल तर गडद आणि जाड. आर्किटेक्टने तो रकाना निम्म्या भिंतींना भरलाच नव्हता. त्यांना यादी पाठवली आहे, आज-उद्या येईल. तोवर त्या भिंती आम्ही हाताने गडद केल्यात आणि शीटवर तसं लिहिलंय.

खाटांचं: फर्निचर बंद होतं ते परत चालू केलं, आणि ज्या फॅमिलीच्या (रेविटमधला वस्तूचा प्रकार) नावात 'बेड' नाही ते सगळं फर्निचर फिल्टरने लपवलं. वेटिंगच्या खुर्च्या, टेबलं गेली, खाटा राहिल्या. आयसीयूत दोन डिफ्यूझर बरोब्बर उशीवर होते. सरकवले.

काल सेट घेऊन साइटवर गेले. तोच फोरमन, त्याच गोण्या. त्याने कॉरिडॉरवर पेन्सिल फिरवली, 104 नंबरच्या दारापाशी थांबला आणि विचारलं की हे पान आत उघडतंय, मग आतल्या बाजूचं ग्रिल पानाच्या मागे जातंय का? जात होतं. त्याच्याच पेन्सिलीने मी तिथे बाण काढला आणि ग्रिल 400 ने सरकवलं. ती खूण तशीच ठेवून प्रिंट ऑफिसात आणलाय, रिव्हिजनमध्ये घालतेय.

काका, उलट्या बाजूने भिंती काढलेलं एखादं ट्रेसिंग तुमच्याकडे अजून असेल तर त्याचा फोटो इथे टाकाल का? आमच्या ऑफिसातल्या दोन मुलींनी ट्रेसिंग कधी हातात धरलेलं नाही. दोघींना ते बघायचंय.

---

सेपियाकाका:

माळ्यावर एक नळकांडं आहे. रविवारी नातवाला वर चढवतो.